समेची वाट

काका बाकूला गेले ते तेलाचं शिक्षण घ्यायला. १९६० च्या दशकात अंकलेश्वरच्या विहिरी नव्या होत्या. सोव्हिएत तज्ज्ञ इकडे येत, आपले इंजिनिअर तिकडे जात. वर्षाने काका परतले तेव्हा ट्रंकेत एक लोकरी मफलर होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाड रेकॉर्ड. तेलाबद्दल ते घरी फारसं बोलले नाहीत. बोलायचे ते वसतिगृहात चहा करणाऱ्या म्हाताऱ्या खानुमबद्दल. ती शूशाची, म्हणजे काराबाखच्या डोंगरातल्या गवयांच्या गावची. तिचे वडील म्हणे ‘लैला-मजनू’च्या पहिल्या खेळाला हजर होते. ‘असं सांगणारे मला इतके भेटले,’ काका हसायचे, ‘की त्या थिएटरात अख्खं बाकू मावलं असणार.’

थिएटर ताघियेव्ह या तेलसम्राटाचं. तारीख २५ जानेवारी १९०८, जुन्या रशियन पंचांगाने १२. संगीतकार उझेयिर हाजीबेयोव जेमतेम बावीस वर्षांचा. मुस्लिम जगातला हा पहिला ऑपेरा मानतात. पण खानुमची गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधी, शूशात सुरू व्हायची. तिथे हौशी मंडळींनी ‘लैलाच्या कबरीवर मजनू’ एवढाच एक प्रवेश बसवला होता. मजनू झाला होता जब्बार कार्यागदीओग्लू, त्या काळचा मोठा गायक, आणि मागच्या कोरसमध्ये बारा-तेरा वर्षांचा उझेयिर उभा होता. त्या कबरीपाशी पोराच्या डोक्यात काहीतरी रुतून बसलं. तो प्रवेश बसवणारे हागवेर्दियेव्हच पुढे बाकूच्या पहिल्या खेळाला वाद्यवृंद चालवायला उभे राहिले, आणि उझेयिर वादकांत बसून व्हायोलिन वाजवत होता.

लैलाचं काम करायला बाई मिळणं शक्यच नव्हतं. शेवटी चहाच्या दुकानात काम करणारा एक गोड गळ्याचा पोऱ्या उभा केला, असं खानुम सांगायची. इथपर्यंत आलं की आजी काकांना मध्येच तोडायची. ‘त्यात काय नवल? आमच्या बालगंधर्वांना बघितलं नाहीस तू.’ पुढे १९१२ मध्ये शोवकेत मामेदोवा ही गायिका बाकूच्या रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा सनातन्यांच्या धमक्यांमुळे तिला शहर सोडून पळावं लागलं. हे ऐकून मात्र आजी गप्प झाली.

काकांना खरा मोह पडला तो वेगळ्याच गोष्टीचा. हाजीबेयोव गोरीच्या शिक्षक विद्यालयात शिकलेला, पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणारा. कोरस, वाद्यवृंदाचे तुकडे त्याने रीतसर लिहिले. पण लैला आणि मजनूच्या तोंडी मुगाम, म्हणजे तिथलं रागदारीसारखं गाणं, आला की लिहिणं थांबायचं. अमुक ओळी सेगाहमध्ये, तमुक शूरमध्ये, एवढंच ठरलेलं. शब्द सोळाव्या शतकातल्या फुझूली या कवीचे. बाकी गायकाने आणि ‘तार’ हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याने त्या रात्री काय ते करावं. १९३७ मध्ये ‘कोरोग्लू’ हा ऑपेरा करताना त्याने अशी एकही जागा मोकळी सोडली नाही; सगळं लिहिलं, तरी त्यात अशुगांचा, गावोगाव गात फिरणाऱ्या शाहिरांचा, बाज उतरवला. जाणकार ‘कोरोग्लू’ श्रेष्ठ मानतात. मानोत. ज्याला लिहिता येतं त्याने मुद्दाम न लिहिणं, हे बाविसाव्या वर्षी सुचायला वेगळंच धाडस लागतं.

त्याच १९३७ मध्ये कवी अहमद जवादला गोळी घातली गेली. अझरबैजानच्या पहिल्या प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत जवादचं होतं आणि चाल हाजीबेयोवची. पुढे सोव्हिएत अझरबैजानच्या गीतालाही चाल त्यानेच दिली. त्या जुन्या गीताबद्दल काकांना बाकूत कुणी चकार शब्द काढला नाही, खानुमनेही नाही. १९९२ मध्ये ते पुन्हा राष्ट्रगीत झालं, तेव्हा काका निवृत्त होऊन नाशकात गुलाब लावत होते.

ती रेकॉर्ड ‘लैला-मजनू’चीच होती. पहिल्यांदा लावली त्या संध्याकाळी आजी भिंतीला टेकून बसली होती. तार वाजली, मजनू वर चढत गेला, गिरक्या घेत घेत आणखी वर. आजीने हात उचलला, मांडीवर सम द्यायला. हात तसाच अधांतरी.

‘सम कुठाय रे?’

‘आई, यात ताल नाही. आलापासारखं आहे.’

‘मग आधी सांगायचं नाही का?’ आजी म्हणाली; पण हात काही खाली आणला नाही.