प्राणहिता नदीतील जलप्रवास

प्राणहिता ही वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण होणारी, सुमारे ११३ किमी लांबीची नदी आहे. हा संगम गडचिरोली जिल्ह्यातील चपराळा येथे, चंद्रपूर जिल्हा व तेलंगणा यांच्या सीमेलगत होतो. तेथून दक्षिणेस वाहत जाऊन ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. तिचा डावा तीर महाराष्ट्रात, तर उजवा तेलंगणात आहे. लांबी कमी असली तरी दोन मोठ्या खोऱ्यांचे पाणी तिच्यात येत असल्याने तिचे पात्र अतिशय रुंद आहे. या पात्रातील नौकानयन मुख्यत्वे मासेमारी व तीर ओलांडणे यांपुरते मर्यादित राहिले असून, संगमापासून सिरोंचापर्यंतचा सलग प्रवास क्वचितच केला जातो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी या नदीचा व्यापारी जलमार्ग म्हणून विचार केला होता. वऱ्हाड व हिंगणघाट भागातील कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यावर नेण्याची ती योजना होती. सर आर्थर कॉटन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेम व इच्चमपल्ली येथील अडथळे गोदावरीवर, तर तिसरा देवलमरी येथे (सध्याचा अहेरी तालुका) प्राणहितेवर होता. १८६० मध्ये स्थापन झालेल्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय सिरोंचा येथे होते. खडक फोडणे, बांध व कालवे यांवर मोठा खर्च झाला. तथापि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर योजनेचे प्रयोजन उरले नाही आणि पुढील काही वर्षांत काम थांबवण्यात आले. ज्या खडकांनी ही योजना अडवली, तेच आजही प्रवासाचे टप्पे ठरवतात.

ऋतुमान व नियोजन

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर या काळात पात्रात उतरणे धोक्याचे असते. पूर केवळ स्थानिक पावसाने येत नाही. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर वैनगंगेचे पाणी वाढते आणि ते पुढे प्राणहितेत उतरते. त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही पातळी चढू शकते. पूर ओसरल्यानंतरचे हिवाळ्याचे महिने सर्वांत सोयीचे मानले जातात. उन्हाळ्यात प्रवाह अरुंद धारांमध्ये विभागतो, वाळूचे पट्टे उघडे पडतात व नाव ओढत न्यावी लागते.

सिरोंचाकडील पातळीवर गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याचाही परिणाम होतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे सिरोंचा तालुक्यातील शेती पाण्याखाली जाते, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्यामुळे जुन्या अनुभवावरून या भागातील पाण्याचा अंदाज बांधणे योग्य नाही.

चपराळा अभयारण्य (स्थापना १९८६, क्षेत्रफळ सुमारे १३५ चौ. किमी) संगमालगत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक असते. म्हणून काठावर मुक्काम करण्यापूर्वी ती घ्यावी लागते.

नावा व सुरक्षितता

पारंपरिक नाव म्हणजे लाकडी डोंगा. उथळ पाण्यात तो लांब बांबूने रेटला जातो. मासेमारी व नावाड्याचे काम परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. खडक, भोवरे व उतार यांची त्यांची माहिती नकाशात सापडत नाही. म्हणून अनोळखी व्यक्तीने स्थानिक नावाड्याशिवाय प्रवास करणे अयोग्य होय. डोंगा अरुंद असल्याने तोल गेल्यास लगेच कलंडतो.

वरच्या अंगाला वैनगंगेवर जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे नाव उलटली. मिरची तोडणीसाठी नदीपलीकडे निघालेल्या महिला मजुरांचा त्यात बुडून मृत्यू झाला. महिना हिवाळ्याचा, म्हणजे प्रवासासाठी सोयीचा मानला जाणारा होता. प्राणहितेवर अहेरीजवळ वांगेपल्ली–गुडेम पूल झाल्याने तेथील नावेची गरज घटली आहे. मात्र पूल दूर असलेल्या गावांतून शेती, बाजार व नातेसंबंधांसाठी अजूनही डोंग्यानेच पलीकडे जावे लागते.