वारेचे विकार : पूर्वनिदान

गर्भाला मातेच्या रक्तातून ऑक्सिजन व पोषक द्रव्ये पुरविणाऱ्या तात्पुरत्या इंद्रियास वार किंवा अपरा म्हणतात. गर्भाशयातील रोहिण्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेचा रक्तपुरवठा अपुरा पडतो, गर्भाची वाढ खुंटते आणि विसाव्या आठवड्यानंतर मातेस प्री-एक्लॅम्प्सिया हा विकार जडण्याचा संभव असतो. यात रक्तदाब वाढतो, बहुधा मूत्रातून प्रथिन जाते, आणि वेळीच उपाय न झाल्यास झटके येऊन मृत्यूही ओढवतो. प्रसूती हाच अखेरचा उपाय असल्याने सारा भर धोका आधी ओळखण्यावर आहे.

मूत्रातील प्रथिनाचा या झटक्यांशी असलेला संबंध लंडनच्या जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्ये दाखविला. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीव्हा-रोत्ची यांची पद्धत १८९६ मधील. ही साधने सोपी होती, पण भारतीय खेड्यांतील गर्भवतीपर्यंत ती फार उशिरा पोहोचली.

या दृष्टीने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचा प्रयोग उल्लेखनीय आहे. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मॅबेल आरोळे (१९३५–९९) यांनी या अवर्षणप्रवण तालुक्यात १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या सुमारास प्रकल्पक्षेत्रात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत आणि प्रसूतिपूर्व तपासणी जवळजवळ अज्ञात होती. आरंभी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत ठेवण्याचा बेत होता, तो फसला. मग गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्यात आले. त्यांपैकी बहुतेक निरक्षर व पुष्कळशा दलित होत्या. गर्भवतीची सूज, फिकेपणा व इतर धोक्याच्या खुणा त्या ओळखू लागल्या आणि जोखमीच्या स्त्रीस वेळेत जामखेडच्या रुग्णालयात आणू लागल्या. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

रक्तातील दर्शकांचे युग त्यानंतरचे. बॉस्टन येथे अनंत करुमंची व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले की, रोगट वार एसएफएलटी-१ हे प्रथिन अतिरिक्त प्रमाणात सोडते व ते रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या पीएलजीएफ या प्रथिनास निष्प्रभ करते. रोगलक्षणांच्या सुमारे पाच आठवडे आधीच हे प्रमाण चढू लागते, असे पुढील वर्षी आढळले. विकाराचा संशय असलेल्या स्त्रियांत या दोहोंचे गुणोत्तर ३८ किंवा कमी असल्यास पुढील आठवड्यात विकार उद्‌भवणे फारसे संभवत नाही (२०१६). गुणोत्तर अधिक असले म्हणजे विकार होणारच, असे मात्र नव्हे. चाचणीचा खरा उपयोग धोका नाही हे सांगण्यातच आहे.

पहिल्या तिमाहीतील पीएलजीएफ, रक्तदाब व गर्भाशय-रोहिणीतील प्रवाह यांवरून जोखमीच्या ठरलेल्या स्त्रियांना रोज १५० मिग्रॅ. ॲस्पिरीन दिल्यास सदतिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूती करावी लागण्याइतपत तीव्र विकाराचे प्रमाण ४·३ टक्क्यांवरून १·६ टक्क्यांवर येते, असे २०१७ च्या एका चाचणीत दिसून आले. त्यासाठी गर्भारपण ११ ते १४ आठवड्यांचे असतानाच तपासणी व्हावी लागते. जामखेड, पाथर्डी या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा स्त्रीच्या गर्भारपणाची नोंद एका गावी आणि पुढील महिने कारखान्याच्या परिसरातील खोपीत, अशी विभागणी होते.