खसखशीचे दाणे

मॅझिनी मराठी वाचकाला परका नाही. सावरकरांनी १९०७ साली त्याचे आत्मचरित्र मराठीत आणले. पण त्याच्या आयुष्यातला एक लहानसा प्रसंग मला अलीकडे राहून राहून आठवतो.

१८४४ साली हा इटालियन देशभक्त लंडनमध्ये निर्वासिताचे जिणे जगत होता. आपली पत्रे वाटेत कोणी फोडीत असावे, असा त्याला संशय आला. म्हणून त्याने स्वतःच्याच नावे येणाऱ्या पत्रांत खसखशीचे दाणे नि वाळूचे कण घालण्याची व्यवस्था केली. पत्रे पोचली, पण आतले दाणे नाहीसे झालेले! टॉमस डन्कोम्बने पार्लमेंटात प्रश्न उभा केला आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती, हे बाहेर आले. कार्लाइलने ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून निषेध केला. टपालखात्याची ती गुप्त शाखा त्याच वर्षी मोडली. पत्रे उघडण्याचा कायदेशीर अधिकार मात्र शाबूत राहिला.

आता लखोट्याची जागा ई-मेलने घेतली आहे. १९८२ साली तिच्या दळणवळणाचे जे नियम ठरले, त्यांत मजकूर झाकण्याची सोय नव्हती आणि पाठवणारा खरा की तोतया हे पारखण्याचीही नव्हती. थोडक्यात, ते पोस्टकार्डच होते. वाटेवरची कुलपे मागाहून आली. पण घराचे दारच उघडे असले, तर वाटेवरच्या कुलपांचा काय उपयोग?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या संगणकावर एका विद्यार्थिनीची टपालपेटी उघडी राहिली होती. ती बंद करायला म्हणून मी गेलो आणि थोरल्या भावाला लिहिलेल्या तिच्या पत्रातल्या चार ओळी वाचून बसलो. वडिलांच्या कर्जाविषयी होत्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी जरा जास्तच मायेने बोललो. तिने चमकून वर पाहिले. माझी ती माया म्हणजेच पाकिटातून सांडलेली खसखस होती!

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “सर, पेटी मीच उघडी ठेवली होती.” ते मला अधिकच लागले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. मी तो वर्गात असा शिकवतो: काम संपताच पेटी बंद करा, परवलीचा शब्द कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नका, त्याच्या जोडीला मोबाइलवर येणाऱ्या आकड्याचे दुसरे कुलूप लावा. आणि दुसऱ्याची पेटी उघडी दिसली, तर न वाचता बंद करा.

हा शेवटचा धडा मुलांआधी मास्तराने गिरवायला हवा होता.