शब्दरक्षणाची परंपरा : स्मरणापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

मठाचा वर्धापनमहोत्सव आला म्हणजे मठाच्या इतिहासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वास्तू कोणी उभारली, गादीवर कोण कोण महंत झाले, जीर्णोद्धार केव्हा झाला, हे सारे अशा वेळी आदराने सांगितले जाते व ते सांगितलेच पाहिजे. परंतु महानुभाव पंथाचा कोणताही मठ ज्याच्या आधारावर उभा असतो, तो आधार दगडविटांचा नव्हे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मुखातून निघालेला शब्द हाच तो आधार होय. हा शब्द सातशे वर्षे कसा जपला गेला, कोणाच्या हाती राहिला आणि आज मोबाइलच्या पडद्यावर येऊन पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होणार, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कटंगीसारख्या सीमाभागातील सद्‌भक्तांना हा प्रश्न इतरांहून अधिक जवळचा आहे.

प्रथम मूळ प्रसंगाकडे वळू. श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंपासून ज्ञानशक्तीचा स्वीकार करून त्यांनी गोदातीरी व वऱ्हाडात संचार केला. जन्माने गुजराती असूनही त्यांनी उपदेश केला तो मराठीत. भिक्षा चारही वर्णांच्या घरची घ्यावी, रजस्वलेचा विटाळ मानू नये, स्त्रीलाही संन्यासाचा व मोक्षाचा अधिकार आहे, ही शिकवण तेराव्या शतकात त्यांनी दिली. ज्या समाजात शास्त्र ऐकण्याचाही अधिकार मोजक्यांनाच होता, तेथे हे शब्द किती धाडसाचे होते, हे आज आपल्याला सहज ध्यानात यावयाचे नाही.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर शिष्यमंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिली. तेथे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने स्वामींच्या लीळा गोळा करण्याचे कार्य आरंभिले. ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली किंवा ऐकली, त्याच्याकडे स्वतः जाऊन ती विचारून घ्यावी, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावी आणि मग लिहावी, असा त्यांचा क्रम होता. शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले लीळाचरित्र हे मराठी गद्याचे आद्य लेणे या परिश्रमाचे फळ होय. पुढे केसोबासांनी त्यातील स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. नागदेवाचार्यांची चुलतबहीण महदाइसा ही तर मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते.

याच काळातील एक प्रसंग स्मृतिस्थळात नोंदलेला आहे. केसोबास संस्कृताचे पंडित होते व त्यांची ग्रंथरचना त्या भाषेत चालली होती. नागदेवाचार्यांनी त्यांना तसे करण्यापासून परावृत्त केले. संस्कृतात लिहिले तर पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, हे कारण त्यांनी दिले. पंडितांना काय आवडेल याचा विचार न करता, मठाच्या ओसरीवर बसलेल्या निरक्षर म्हातारीला काय कळेल याचा विचार करून पंथाच्या आचार्याने ग्रंथाची भाषा ठरविली. महानुभाव इतिहासातील हा निर्णय केवळ वाङ्मयीन नाही, तो सामाजिक आहे. शब्द जपावयाचा तो कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. पुढील प्रत्येक परिवर्तनाची परीक्षा आपण याच कसोटीवर केली पाहिजे.

पहिली मोठी आपत्ती लवकरच ओढवली. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य मोडले आणि त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्‌गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यामुळेच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आढळतात, आणि त्यांतील एक हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. नागदेवाचार्यांनी ज्या स्त्रियांसाठी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्यापैकीच एकीच्या स्मरणशक्तीने पंथाचा आद्यग्रंथ तारला, हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्यांच्यासाठी शब्द खुला ठेवला, त्यांनीच तो राखला.

यानंतर मात्र परंपरेने वेगळे वळण घेतले. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी योजिली व पुढे सुंदरी इत्यादी आणखी लिप्या प्रचारात आल्या. नागरी अक्षरांची अदलाबदल करून लिहावयाची ही सांकेतिक पद्धत होती. परक्यांच्या हाती पोथी पडून पवित्र वचनांची विटंबना होऊ नये, हा तिचा हेतू सांगितला जातो. काळ बिकट होता, पंथावर निंदेचे प्रहार होत होते, म्हणून या सावधगिरीला दोष देणे उचित नाही. सांकेतिक लिपीमुळे पोथ्या सुरक्षित राहिल्या, हे खरे. परंतु त्यामुळे शब्द व सामान्य भक्त यांच्यामध्ये एक भिंतही उभी राहिली. पोथी वाचणारे थोडे झाले. बहुतेकांच्या वाट्याला निरूपणातून कानी पडेल तेवढेच आले.

या काळातच पंथ दूरदूर पसरला. महाराष्ट्रात राहावे अशी स्वामींची आज्ञा असता, अनुयायी पंजाबात, तेथून पेशावर व काबूलपर्यंत पोहोचले. तिकडे पंथाला जयकृष्णी म्हणतात. १९४७ च्या फाळणीनंतर सीमेपलीकडील मंडळी विस्थापित होऊन दिल्ली व पूर्व पंजाबात आली. या भक्तांच्या घरची भाषा पंजाबी, तरी धर्मग्रंथांची भाषा मराठीच राहिली. घरात मराठी नसताना ग्रंथांची मराठी शिकून घेणारे हे लोक आपणांस मार्गदर्शक ठरावेत असे आहेत. त्याचे कारण पुढे येईलच.

मुद्रणाचे युग आले तेव्हा भिंतीला प्रथम दार पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये महानुभावीय मराठी वाङ्मयाचा परिचय ग्रंथरूपाने करून दिला. नागपुरातून हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती, आणि १८६७ मध्ये स्थापन झालेला आपला बालाघाट जिल्हाही त्याच प्रांतात होता. नागपूरला छापलेले पुस्तक हे तेव्हा बालाघाटच्या वाचकाला परप्रांतातील वाटत नसे. डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर परिश्रम करून संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केले. त्यावर पंथातूनच तीव्र आक्षेप घेतले गेले. जो ग्रंथ गुरुमुखातून, अधिकार पाहून ऐकावयाचा, तो बाजारात कोणाच्याही हाती पडावा काय, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा होता. पण एकदा उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही.

इकडे राजकीय नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले व १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे झाले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगेचे पाणी बालाघाटातून भंडाऱ्याकडे पूर्वीप्रमाणेच वाहत राहिले, सोयरिकीही होत राहिल्या, परंतु शाळेची व कचेरीची भाषा हिंदी झाली. घरी पोवारी किंवा मराठी, बाजारात हिंदी आणि मठात लीळाचरित्राची मराठी, अशी कटंगी परिसरातील भक्ताची स्थिती आहे. नागरी लिपी दोन्ही भाषांना समान असल्याने मुलाला पोथीची अक्षरे वाचता येतात. अर्थ मात्र दर पिढीगणिक थोडा थोडा दूर जातो. हा स्मृतिग्रंथ दोन भाषांत काढावा लागला, यातच ही वस्तुस्थिती स्पष्ट दिसते.

अशा वेळी अंकीय तंत्र, ज्याला लोक डिजिटल म्हणतात, ते आले आहे. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली व एक कोटींहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीचा संकल्प सोडण्यात आला. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. २०२० च्या टाळेबंदीत मठमंदिरांची दारे लागली तेव्हा अनेक ठिकाणी निरूपण मोबाइलवरून घरोघरी पोहोचले. जी आजीबाई उत्सवाला येऊ शकत नव्हती, तिलाही ते ऐकावयास मिळाले. नागदेवाचार्यांच्या कसोटीला हे परिवर्तन वरवर पाहता उतरते, असेच म्हणावे लागेल.

परंतु वरवर पाहून भागणार नाही. हीच वाट आपल्या आधी चाललेल्या काही धर्मसमाजांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. आग्नेय आशियातील लाओस देशात बौद्ध विहारांतून ताडपत्रांवर ग्रंथ लिहून अर्पण करणे हे पुण्यकर्म मानले जाते. १९९२ ते २००४ या काळात जर्मनीच्या साहाय्याने तेथील आठशेंहून अधिक विहारांतील ग्रंथांची पाहणी झाली. त्यातून निवडलेल्या सुमारे १२,००० ग्रंथांची छायाचित्रे २००९ पासून लाओसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अंकीय संग्रहात सर्वांना पाहावयास मिळतात. युद्धात किंवा आगीत आता हा ठेवा समूळ नष्ट होणार नाही. पण त्यांतील पुष्कळसे ग्रंथ धर्माक्षरांच्या जुन्या लिपीत आहेत, आणि ती वाचणारे आता थोडे उरले आहेत. चित्र घरोघरी गेले तरी वाचक आपोआप निर्माण होत नाही, हा तेथला धडा होय.

दुसरे उदाहरण बालीचे. त्या हिंदू बेटावर ताडपत्रांच्या पोथ्यांना लोंतार म्हणतात. १९२८ मध्ये सिंगराज येथे त्यांचे ग्रंथालय स्थापन झाले, आणि २०११ पासून हजारो पोथ्या जगाला संगणकावर खुल्या झाल्या. मात्र बालीच्या लोकांनी पोथीबरोबर वाचनाची रीतही जपली. एकजण प्राचीन कावी भाषेतील ओळ गाऊन म्हणतो, दुसरा लगेच तिचा अर्थ बोलीत सांगतो, आणि मंडळी त्यावर चर्चा करतात. ही रीत पुढे आकाशवाणीवर व दूरचित्रवाणीवर गेली. श्रोते घरून दूरध्वनी करून स्वतः पदे गाऊ लागले. यंत्र नवे आले, तरी गाणारा व अर्थ सांगणारा ही जोडी तुटली नाही.

या दोन्ही उदाहरणांतून निघणारे तत्त्व आपल्या पूर्वसूरींना आधीच ठाऊक होते. सूत्रपाठातील वचन सुटे वाचले तर त्याचा विपरीत अर्थ होऊ शकतो, म्हणून ते कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारा ‘प्रकरणवश’ हा ग्रंथप्रकार पंथात निर्माण झाला. आज मोबाइलवर एखादे वचन किंवा अर्ध्या मिनिटाचे निरूपण प्रकरणावाचून हातोहात फिरते. कोणी कोणाला सांगितले, कोणत्या पाठातील, याचा पत्ता नसतो. सकळ लिपीच्या काळी शब्द झाकलेला होता. आज तो उघडा असून अर्थ झाकला जाण्याची भीती आहे. यावर उपाय दार पुन्हा लावून घेणे हा नव्हे. प्रकरणवशाची परंपरा नव्या साधनात उतरविणे हाच तो उपाय आहे.

मठाने या बाबतीत काय करावे, हे इतिहासच सुचवितो. पंचक्रोशीत ज्या घरी जुनी पोथी असेल तिची नोंद व्हावी आणि पोथी घरच्याच देव्हाऱ्यात ठेवून तिचे छायाचित्र घेतले जावे. ज्या वृद्ध मंडळींना स्मरणे, धवळे व लीळा मुखोद्‌गत आहेत, त्यांचा आवाज जपून ठेवावा. म्हाइंभटांनी लेखणीने केले तेच हे काम आहे. प्रत्येक ध्वनिफितीबरोबर सांगणाऱ्याचे नाव, गाव व पाठ यांची नोंद असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलामुलींना जुनी मराठी वाचावयास शिकवावी. मूळ लीळा मराठीत म्हणावी, अर्थ हिंदीत वा पोवारीत सांगावा. पंजाबच्या जयकृष्णी बांधवांनी जे शेकडो कोसांवर साधले, ते भंडाऱ्याच्या हद्दीलगत राहणाऱ्या आपणांस असाध्य नाही.

भरवेलीच्या खाणीत जाणारा कामगार, धानाच्या बांधीत रोवणी करणारी स्त्री आणि शहरात शिकावयास गेलेला तरुण, या तिघांच्याही हाती आज मोबाइल आहे. नागदेवाचार्यांच्या काळी जी म्हातारी ओसरीवर बसून ऐकत होती, तिचीच ही लेकरे आहेत. त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचविणे आता सोपे झाले आहे. त्यांना तो समजावून देणारा वाचक घडविणे हे मात्र मठाचेच काम आहे आणि ते कोणतेही यंत्र करणार नाही. या वर्धापनाच्या मंगल प्रसंगी तो संकल्प सोडला जावो, एवढीच श्रीचरणी विनंती. सर्व सद्‌भक्तांस दंडवत प्रणाम.