रँचवरील शिकारी बंदुका व त्यांच्या मालकीचा पुरावा

जुन्या शिकारी बंदुकीचें मोल घडणीइतकेंच मालकीच्या पुराव्यावर अवलंबून असतें. अमेरिकेंत थिओडोर रूझवेल्ट यांनीं १८८४ सालीं डाकोटा प्रांतांत एल्कहॉर्न नांवाचा रँच, म्हणजे गुरें पाळण्याचें ठाणें, वसविला. तेथील आपल्या विंचेस्टर बंदुकीचें वर्णन त्यांनीं १८८५ च्या शिकारग्रंथांत स्वतःच केलें आहे. असा समकालीन लेख क्वचितच मिळतो.

एरव्हीं संग्राहकांची भिस्त वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयांत असलेल्या विंचेस्टर कारखान्याच्या वह्यांवर असते. बंदुकीवरील क्रमांकावरून तिची घडण व रवानगीची तारीख त्यांत सांपडते. ग्राहकाचें नांव मात्र बहुधा नसतें. म्हणजे या वह्यांवरून बंदूक ठरते, तिचा रँच ठरत नाहीं. दस्त्यावर गुरांच्या डागाची खूण असली, तरी ती मागाहूनहि उठवितां येते; डागांच्या सरकारी नोंदींवरून डागाचा धनी कळतो, बंदुकीचा नव्हे. तोच क्रमांक खरेदीच्या पावतींत किंवा मृताच्या मालमत्तेच्या यादींत आढळला, तरच सांखळी पुरी होते.

केवळ शिक्का पाहून आपण सनद अस्सल मानीत नाहीं. आमच्या मतें येथेंहि तोच न्याय लावावा. लिलांवांत बंदूक एकीकडे व कागद दुसरीकडे गेला, कीं पुरावा तुटतो. सबब दोन्ही एकत्र राखावीं, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.