मिरची येण्यापूर्वीचा मसाला

अक्षय्य तृतीया उलटली की आपल्या भागात घरोघरच्या अंगणांत धणे, हळकुंडे, खोबऱ्याच्या वाट्या आणि देठ काढलेल्या मिरच्या उन्हात पसरल्या जात असत. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ते सारे भाजून, कुटून, चाळून बरण्यांत भरले गेले पाहिजे, असा त्या काळचा दंडक होता. चातुर्मासात उखळ-मुसळाची हिंसा नको आणि ओल्या हवेत माल टिकतही नाही, ही त्यामागील दोन कारणे. आज हे दृश्य दुर्मिळ झाले आहे. त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आपल्या घरातील नव्या पिढीच्या मनात रुजलेल्या एका समजाची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तो समज असा : कोल्हापूर-सांगलीकडील खरा मसाला म्हणजे कांदा-लसूण मसाला, आणि जैन घरातील काळा मसाला म्हणजे त्यातून कांदा-लसूण वगळून उरलेला, थोडक्यात काहीतरी उणा असलेला पदार्थ. बाजारातील पाकिटांवर ‘कांदा-लसूणविरहित’ असे छापलेले वाचून हा समज अधिकच दृढ होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

कांदा-लसूण मसाल्याचा पाया लाल मिरची हा आहे. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतर सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची या किनाऱ्यावर आली. म्हणजे त्यापूर्वी आजच्या स्वरूपातील कांदा-लसूण मसाला अस्तित्वात असणेच शक्य नाही. लसूण आणि कांदा आपल्या देशाला पूर्वापार ठाऊक होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाळवून, भाजून, कुटून ठेवण्याच्या चूर्णांत त्यांना स्थान नव्हते. वैद्यकातील त्रिकटू घ्या : सुंठ, मिरे, पिंपळी. चातुर्जात घ्या : दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर. आता आपल्या आजीच्या मसाल्याच्या डब्यातील जिन्नस आठवा. चातुर्जातातील चारही वस्तू त्यात जशाच्या तशा सापडतील, आणि त्रिकटूपैकी मिरे तर हमखास.

मिरचीच्या नावातच तिचे नवखेपण दडलेले आहे. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे. त्यावरून आपले ‘मिरे’ आणि त्याच कुळातील शब्द नव्या फळाला लावून ‘मिरची’. आपल्या समाजातील अनेक घरांत आजही कानडी बोलली जाते. त्या भाषेत ‘मेणसु’ म्हणजे मिरे आणि मिरची म्हणजे ‘मेणसिनकायी’, मिऱ्यासारखे फळ. तेलुगू आणि तमिळ भाषांतही हाच प्रकार आहे. तिखटपणाची जागा आधी मिऱ्याची होती. नव्या पाहुणीला जुन्या मालकाचे नाव मिळाले आणि कालांतराने घरही तिच्याच ताब्यात गेले!

मिरचीपूर्व स्वयंपाकघराचे साक्षीदार ग्रंथ दक्षिणेत उपलब्ध आहेत, आणि त्यांतील एक जैन लेखकाचा आहे, ही आपणास अभिमानाची बाब वाटावी. पश्चिम चालुक्यांच्या आश्रयाने दुसरा चावुंडराय याने १०२५ च्या सुमारास ‘लोकोपकार’ हा कानडी ग्रंथ रचला. शेती, पाऊस, जलशोध, वैद्यक अशा लोकोपयोगी विषयांबरोबरच त्यात पाकशास्त्रावरही स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आले. तो ग्रंथ जैन नव्हे आणि त्यात सामिष पदार्थही आहेत. परंतु त्यातील डाळींचे प्रकार पाहिले तर हळद, हिंग, जिरे आणि मिरपूड हीच मंडळी भेटतात. पुढे १५०८ च्या सुमारास तिसऱ्या मंगरसाने ‘सूपशास्त्र’ हा कानडी काव्यग्रंथ लिहिला. पिठाचे पदार्थ, पेये, भात, भाज्या असा त्याचा विस्तार असून तो संपूर्णपणे शाकाहारी आहे. मिरची येण्याच्या अगदी उंबरठ्यावर एका जैन लेखकाने आपल्या प्रांताच्या रसोईची ही नोंद करून ठेवली, हा योगायोगच म्हणावा लागेल.

हिंगाची कथा तर स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. कांदा-लसणाच्या अभावी हिंगाने जैन रसोईत मोठा मान मिळविला. तो अफगाणिस्तान व इराणच्या डोंगराळ, कोरड्या प्रदेशातील झाडाच्या मुळाला चीर देऊन मिळणारा चीक. शतकानुशतके आपण तो बाहेरूनच आणीत आलो. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयत्न २०२० मध्ये सुरू झाला. इतक्या दूरचा माल चामड्याच्या पिशव्यांतून येई आणि तेथेच आपल्या पूर्वजांपुढे प्रश्न उभा राहिला. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृत’ या श्रावकाचारविषयक ग्रंथात चामड्यातील पाणी, तेल-तूप आणि चामड्याचा स्पर्श झालेला हिंग यांचे सेवन मांसत्यागाच्या व्रतातील दोष म्हणून सांगितले आहे. याचा अर्थ व्यापाराची वाट, आवेष्टन आणि व्रत या तिन्हींचा विचार त्या काळचा श्रावक एकत्र करीत होता. आज चामड्याचा प्रश्न मागे पडला. मात्र बाजारातील बांधणी हिंगात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते, हे किती जणांच्या ध्यानात येते?

येथे वर्षाच्या मसाल्याविषयीची एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. दिगंबर परंपरेतील प्रचलित मर्यादेनुसार दळलेले पीठ पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस चालते. कुटलेल्या मसाल्यालाही शोधाच्या चौक्यात हाच नियम लावतात. मग वर्षाची बरणी कोठे बसते? उत्तर असे की आपल्या घरांत दोन व्यवहार एकाच वेळी चालत आले. रोजच्या संसारासाठी वर्षाचा मसाला. आणि मुनिसंघ गावात आला, व्रती घरी जेवणार असले, की अख्खे जिन्नस निवडून त्याच आठवड्यापुरता ताजा मसाला. माझ्या आजीच्या फडताळात म्हणूनच एक पितळी डबा न कुटलेल्या मसाल्याचा असे आणि त्याला आम्हा मुलांना हात लावण्याची मुभा नव्हती. त्या ताज्या मसाल्याच्या आमटीचा वास माडीपर्यंत येई. बरणीतल्या मसाल्याला तो वास कधीच आला नाही, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

याचे कारण साधे आहे. मसाल्याचा सुगंध म्हणजे त्यातील उडून जाणारी तेले. दाणा अख्खा असेपर्यंत ती आत सुरक्षित राहतात. कुटला की हवेशी गाठ पडते आणि दिवसागणिक वास ओसरतो. खोबऱ्याचा तेलकटपणा काही महिन्यांत खवट होतो तो वेगळाच. शिवाय अख्खा जिन्नस डोळ्यांनी निवडता येतो. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळल्या असतील तर पाण्यात टाकताच त्या बहुधा वर तरंगतात. पूड झाल्यावर कोण काय ओळखणार?

उखळाच्या जागी विजेचे डंक आले तेव्हा सोय झाली आणि नवी गैरसोयही. आधीच्या गिऱ्हाईकाचा कांदा-लसूण कुटलेला असला की त्याचा अंश आपल्या मसाल्यात उतरे. म्हणून आमच्या आईची पिढी पहाटे सर्वांच्या आधी नंबर लावी आणि पहिले मूठभर धणे नुसते कुटून बाजूला काढी. पुढे मिक्सर आला आणि हा प्रश्न मिटला. पण तोवर प्रमाणेच हरवू लागली होती. आजीचे प्रमाण चिपटे, कोळवे, निळवे या मापांत होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे. ही मापे व्यवहारातून गेली, आणि ग्रॅममध्ये उतरवून घेण्याचे आम्हा कोणाला सुचले नाही. ज्यांच्या घरी अजून कोणी जाणते वडीलधारे माणूस आहे, त्यांनी हे काम या वर्षीच करावे, ही नम्र विनंती.

आमच्या घरचे एका आठवड्याचे प्रमाण मी अंदाजाने जुळविले आहे, ते देतो. धणे ५० ग्रॅम, सुके खोबरे १५, जिरे १०, तीळ १० (घालणे-न घालणे घरोघरच्या नियमानुसार), मिरे ३, दालचिनी २, लवंग, दगडफूल व नागकेशर प्रत्येकी १ ग्रॅम, तमालपत्राची दोन पाने, बाद्यानाचे एक फूल, हळकुंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि वाटाण्याएवढा खडा हिंग. हिंग व हळकुंड थोड्या तेलात तळून फुलवून घ्यावे. बाकीचे जिन्नस मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत, कारण धण्यांना लागणारा वेळ दगडफुलाला दिला तर ते जळून कडू होते. खोबरे शेवटी, तांबूस होईपर्यंत. सर्व पूर्ण गार झाल्यावरच कुटावे, चाळावे, उरलेला चोथा त्याच दिवशीच्या आमटीत घालावा आणि डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून कुटल्याची तारीख लिहावी.