वन्य तेलबियांची तेले

वन्य तेलबियांची तेले म्हणजे पेरणी न करता जंगलात, माळरानावर किंवा शेताच्या बांधावर वाढणाऱ्या वनस्पतींच्या बियांपासून मिळणारी तेले व घट्ट मेद होत. मोह, कोकम, साल, चारोळी, करंज व कोशिंब ही भारतातील त्यांची परिचित उदाहरणे आहेत. यांपैकी काही तेले परंपरेने आहारात आहेत, तर काही केवळ दिवाबत्ती, साबण व लेप यांसाठी वापरली जातात. एखादे तेल खाण्यायोग्य आहे की नाही, हे केवळ त्यातील प्रमुख मेदाम्लांवरून ठरत नाही. सोबत अल्प प्रमाणात येणारी इतर संयुगे बहुधा अधिक निर्णायक ठरतात.

रासायनिक घडण

वनस्पतिज तेलांचा बहुतांश भाग ट्रायग्लिसराइडांचा असतो. ग्लिसरॉलच्या एका रेणूशी मेदाम्लाचे तीन रेणू जोडले जाऊन ट्रायग्लिसराइड तयार होते. १ ग्रॅम तेलापासून शरीराला सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पामिटिक व स्टिअरिक ही संपृक्त मेदाम्ले आहेत. ओलेइक अम्लात एक, तर लिनोलेइक अम्लात दोन द्विबंध असतात. लिनोलेइक व आल्फा-लिनोलेनिक ही अम्ले शरीरात तयार होत नाहीत, म्हणून ती आहारातून मिळणे आवश्यक असते. संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असल्यास मेद सामान्य तापमानाला घट्ट राहतो. तेलाच्या उरलेल्या अल्प भागात स्टेरॉले, टोकोफेरॉले (ई जीवनसत्त्व), रंगद्रव्ये आणि त्या त्या वनस्पतीची विशिष्ट संयुगे असतात.

खाद्य तेले व मेद

मोह : मोहाच्या बियांना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी टोळंबी म्हणतात. बियांच्या गरात सुमारे ५० टक्के तेल असते. त्यात ओलेइक अम्ल सुमारे ४० टक्के, पामिटिक व स्टिअरिक प्रत्येकी २० टक्क्यांच्या आसपास आणि लिनोलेइक सुमारे १५ टक्के असते. थंडीत हे तेल थिजते. आदिवासी भागांत ते स्वयंपाकात वापरतात. पेंडीत मात्र सॅपोनिने राहतात. ती माशांना विषारी असल्याने पेंडीचा उपयोग मासेमारीत केला जातो. प्रक्रिया न केलेली पेंड जनावरांच्या खाद्यास योग्य नसते.

कोकम : कोकणात व गोव्यात कोकमाच्या बियांपासून मिळणारा घट्ट मेद मुठेल या नावानेही ओळखला जातो. त्यात स्टिअरिक अम्ल ५५ ते ६० टक्के व ओलेइक अम्ल सुमारे ४० टक्के असते. पामिटिक अम्ल रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवते. स्टिअरिक अम्लाचा तसा परिणाम फारसा दिसत नाही. हा मेद सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळतो.

साल : सालबियांच्या मेदातही स्टिअरिक व ओलेइक अम्ले प्रमुख असतात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशानुसार कोकोच्या मेदाव्यतिरिक्त सहा वनस्पतिज मेद चॉकलेटमध्ये एकूण ५ टक्क्यांपर्यंत वापरता येतात. साल व कोकम यांचा त्यांत समावेश आहे.

चारोळी : गरात सुमारे निम्मे तेल असून त्यात ओलेइक अम्ल सर्वाधिक, तर त्याखालोखाल पामिटिक अम्ल असते.

अखाद्य व विषारी तेले

करंजाच्या तेलात ओलेइक अम्ल प्रमुख असले, तरी करंजिन व पोंगामॉल या संयुगांमुळे ते कडू व अखाद्य ठरते. कोशिंबाच्या तेलातील सायनोलिपिडांपासून हायड्रोसायनिक अम्ल मुक्त होऊ शकते. जंगली बदामाच्या तेलात दोष मेदाम्लातच असतो. त्यातील स्टर्क्युलिक अम्ल शरीरात स्टिअरिक अम्लाचे ओलेइक अम्लात रूपांतर करणाऱ्या विकराला रोखते.

पिवळा धोत्रा या तणाच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांच्या तेलात लिनोलेइक व ओलेइक ही नेहमीच्या खाद्यतेलांतील अम्लेच मुख्यतः असतात. परंतु त्यातील सँग्विनारिन हे अल्कलॉइड केशवाहिन्यांची पार्यता वाढवते. त्यामुळे पायांवर सूज, धाप, काचबिंदू व हृदयविकार ही लक्षणे असलेला साथीचा जलशोफ होतो. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे या रोगाची मोठी साथ आली व अनेकांचा मृत्यू झाला.

साठवण

मोहाच्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर गोळा होतात. त्या ओलसर राहिल्यास लायपेज विकरामुळे ट्रायग्लिसराइडांचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तेल खवट होते. म्हणून बिया लवकर सोलून, चांगल्या वाळवून मगच घाण्यात घालणे इष्ट असते.

परीक्षण

मेदाम्लांचे प्रमाण वायू वर्णलेखनाने मोजतात. या तपासणीत अल्कलॉइडे किंवा करंजिनसारखी संयुगे दिसत नसल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षा कराव्या लागतात. पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असल्यास नायट्रिक अम्लाने नारिंगी-तांबडा रंग येतो. खात्रीसाठी पातळ थर वर्णलेखन वापरतात. अपरिचित वन्य बियांचे तेल आहारात घेण्यापूर्वी या दोन्ही प्रकारच्या तपासण्या आवश्यक असतात.